औषध नापास झाले, मग मुले कशी सुधारली?

२००९ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतील 'आर्काइव्हज ऑफ जनरल सायकिॲट्री' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांना सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध देऊन काय होते, याची ती तपासणी होती. ५ ते १७ वर्षे वयाची १४९ मुले तीत होती, सहा ठिकाणच्या केंद्रांनी मिळून ती केली होती आणि ती १२ आठवडे चालली होती. औषध मिळालेल्या मुलांपैकी ३२.९ टक्के मुलांमध्ये तज्ज्ञांना चांगली सुधारणा दिसली.

दर तीन मुलांमागे एक! ज्या स्थितीवर आजवर खात्रीचे औषध सापडलेले नाही, तिच्या बाबतीत हा आकडा काही लहान नव्हे. एवढेच वाचून कोणी मासिक मिटले, तर आपल्या ओळखीच्या एखाद्या पालकाला तो हे औषध सुचवील आणि त्यात त्याचा हेतू चांगलाच असेल.

परंतु याच निबंधात दुसरा एक आकडा आहे. १४९ पैकी निम्म्या मुलांना औषध दिलेच नव्हते. चवीला आणि दिसायला तसेच, पण औषधी अंश नसलेले द्रव्य त्यांना दिले होते. वैद्यकात याला प्लासिबो म्हणतात. या मुलांपैकी सुधारली ३४.२ टक्के.

या दोन आकड्यांमध्ये जे काही दडले आहे ते आमच्या मते औषधशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षाही शिक्षकाच्या अधिक उपयोगाचे आहे. 'मूल सुधारले का?' हा प्रश्न रोज ज्याला विचारला जातो असा माणूस म्हणजे शिक्षकच. त्यातही आता वर्गात स्वमग्न मूल असणे ही दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. आपल्याकडच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. अशा मुलाच्या दप्तरात कधी कधी औषधाची बाटलीही असते.

हे औषध मुळात दिले गेले कशाच्या आधारावर, हे आधी पाहू. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही मुले इतरांशी संबंध जोडण्यात वेगळी होती आणि दुसरीकडे, सारे काही जसेच्या तसे राहावे असा त्यांचा विलक्षण हट्ट होता. खोलीतली खुर्ची हलवली तरी ती अस्वस्थ होत. त्याच त्या हालचाली करणे, वस्तू रांगेत लावणे, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे ही लक्षणे तेव्हापासून स्वमग्नतेच्या व्याख्येचा भाग झाली. पुढची सारी औषधांची कहाणी या दुसऱ्या गटातील लक्षणांभोवती फिरते. या वागण्याला आपण सोयीसाठी 'आवर्ती वर्तन' म्हणू.

१९६१ साली शेन आणि फ्रीडमन या दोघांना काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सिरोटोनिन या द्रव्याचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त आढळले. हे निरीक्षण पुढे अनेक प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा मिळाले. स्वमग्न मुलांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश मुलांत असे होते. स्वमग्नतेच्या संशोधनात इतके टिकाऊ रासायनिक निरीक्षण दुसरे क्वचितच असेल. त्यामुळे त्यावर सगळ्यांनी भिस्त ठेवली यात नवल नाही.

अडचण अशी की शरीरातील बहुतांश सिरोटोनिन आतड्यात तयार होते आणि रक्तातील बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, ते आपल्यात साठवून घेतात. मेंदूला लागणारे सिरोटोनिन मेंदू स्वतःच, ट्रिप्टोफॅन या अन्नातून येणाऱ्या घटकापासून बनवतो. रक्तातले सिरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही. मध्ये एक गाळणीसारखा अडसर आहे. तेव्हा रक्ताच्या नमुन्यावरून मेंदूतल्या सिरोटोनिनचा अंदाज बांधणे म्हणजे गावच्या तळ्यातले पाणी मोजून शेजारच्या विहिरीची पातळी सांगण्यासारखे आहे. दोहोंचा काही संबंध असेलही, पण तो आधी दाखवून द्यावा लागेल.

तो दाखवून देण्याआधीच औषधे सुरू झाली. १९८२ साली फेनफ्लुरामिन हे भूक मारणारे, वजन उतरवण्यासाठी वापरले जाणारे औषध तीन स्वमग्न मुलांना दिल्याचा वृत्तान्त अमेरिकेत प्रसिद्ध झाला. रक्तातील सिरोटोनिन कमी झाले आणि मुलांची लक्षणेही सुधारली असे त्यात म्हटले होते. मुले फक्त तीन! तरी आशा एवढी पसरली की अनेक केंद्रांनी मिळून मोठ्या तपासण्या हाती घेतल्या. पुढच्या काळजीपूर्वक अभ्यासांत रक्तातील पातळी उतरलेली दिसे, पण मुलाच्या वागण्याचा त्या उतरण्याशी मेळ बसेना. १९९७ साली हृदयाच्या झडपांवर दुष्परिणाम होतात म्हणून हे औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. (२०२० साली ते परत आले ते एका गंभीर प्रकारच्या अपस्मारासाठी, लहान मात्रेत आणि हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर. स्वमग्नतेशी त्याचा संबंध नाही.)

आता पुढचा टप्पा पाहा. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्झेटिनला परवानगी मिळाली. प्रोझॅक हे त्याचे व्यापारी नाव जगभर गाजले. त्यामागोमाग फ्लुव्होक्झामिन, सिटॅलोप्रॅम अशी त्याच जातीची औषधे आली. एका चेतापेशीने सोडलेले सिरोटोनिन तीच पेशी परत ओढून घेते. ही औषधे त्या परत ओढण्याला अटकाव करतात, म्हणून दोन पेशींमधल्या फटीत सिरोटोनिन जास्त वेळ राहते. थोडक्यात, १९८०च्या दशकात सिरोटोनिन उतरवणारे औषध स्वमग्न मुलांना चांगले म्हणून दिले गेले आणि १९९०च्या दशकात सिरोटोनिन टिकवून धरणारे औषध स्वमग्न मुलांना चांगले म्हणून दिले गेले. दोन्ही वेळा कारण एकच सांगितले गेले: स्वमग्नतेत सिरोटोनिनची काहीतरी गडबड आहे.

जो सिद्धान्त एखादी गोष्ट आणि तिच्या उलट गोष्ट या दोहोंना सारखाच आधार देतो, तो फार काही सांगत नसतो. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना हेच शिकवतो. न्यायासाठी हेही सांगितले पाहिजे की ट्रिप्टोफॅन आहारातून तात्पुरते कमी केल्यावर काही स्वमग्न प्रौढांची अस्वस्थता वाढल्याचे १९९६ साली आढळले होते. तेव्हा दुसऱ्या दिशेला काहीच आधार नव्हता असे नाही. पण तो प्रौढांमधला होता आणि तोकडा होता.

दुसरा आधार साधर्म्याचा होता. मंत्रचळ नावाचा एक विकार असतो. हात पुन्हा पुन्हा धुणे, कुलूप दहा वेळा ओढून पाहणे ही त्याची ओळखीची लक्षणे. या विकारावर ही औषधे बऱ्यापैकी लागू पडतात. स्वमग्न मूलही त्याच त्या गोष्टी करते. मग त्यालाही ती लागू पडतील, असा हा तर्क.

आम्हाला हा तर्क सर्वांत कच्चा वाटतो आणि तो का कच्चा आहे हे मुलाकडे नुसते पाहूनही कळू शकते. मंत्रचळ असलेल्या माणसाला हात धुण्यात आनंद नसतो. त्याला ते नकोसे असते, लाज वाटत असते, पण न धुतल्यास काही अरिष्ट येईल ही भीती त्याला बेसिनकडे ढकलते. स्वमग्न मूल झाकणे रांगेत लावते, पंखा फिरताना पाहते किंवा हात फडफडवते तेव्हा पुष्कळदा ते शांत किंवा खूश असते. गोंगाट वाढला, वेळापत्रक बदलले की हे वागणे वाढते. जणू ते मूल स्वतःला सावरत असते. मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींनी आपल्या लिखाणातून नेमके हेच सांगितले आहे. बाहेरून सारखी दिसणारी दोन वागणी आतून अगदी निराळी असू शकतात. वर्गात खिडकीबाहेर पाहणारी दोन मुले आठवा. एकाला गणित येत नाही म्हणून ते बाहेर पाहते, दुसऱ्याचे गणित केव्हाच सोडवून झाले म्हणून.

गंमत म्हणजे हा फरक त्या क्षेत्रातील संशोधकांना ठाऊक नव्हता असे नाही. ख्रिस्तोफर मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली स्वमग्न प्रौढ आणि मंत्रचळ असलेले प्रौढ यांची तुलना करून दोघांच्या आवर्ती वागण्याचा साचा वेगळा असल्याचे दाखवले होते. त्याच मॅकडूगल यांनी १९९६ साली फ्लुव्होक्झामिनची तपासणी प्रसिद्ध केली. ३० स्वमग्न प्रौढ, १२ आठवडे. औषध मिळालेल्या १५ पैकी ८ सुधारले, प्लासिबो मिळालेल्या १५ पैकी एकही नाही. हा निकाल चांगला होता, तपासणीही नीट होती. पण ती प्रौढांवरची होती. तिची कीर्ती मात्र वय विसरून पसरली.

लहान मुलांच्या बाबतीत जे पुरावे पुढे आले ते बहुतेक अशा प्रकारचे होते: औषध सुरू केले, काही आठवड्यांनी पाहिले, इतक्या मुलांमध्ये फरक पडला. १९९८ साली २ ते ७ वर्षांच्या ३७ मुलांना फ्लुओक्झेटिन दिल्याचा वृत्तान्त आला. त्यात २२ मुलांना चांगला किंवा उत्तम फायदा झाल्याचे नमूद होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. डॉक्टरांना, आईवडिलांना, सर्वांना औषध चालू असल्याचे ठाऊक होते.

अशा आकड्याचे काय करायचे, हे २००९ च्या निबंधाने दाखवले. ब्रायन किंग यांच्या नेतृत्वाखालील या गटाने मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली: ७३ औषधाला, ७६ प्लासिबोला. कोणाला काय मिळते हे मुलांना, पालकांना किंवा तपासणाऱ्या तज्ज्ञांना माहीत नव्हते. औषधाची मात्रा अगदी थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवली. ज्यांच्या आवर्ती वर्तनाचा त्रास निदान मध्यम आहे अशीच मुले निवडली होती, म्हणजे औषधाला आपले गुण दाखवायची पुरेपूर संधी होती. पैसा औषध कंपनीचा नव्हता, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा होता. आणि औषध प्लासिबोच्या पुढे गेले नाही. आवर्ती वर्तनाच्या खास मोजपट्टीवरही दोन्ही गटांत फरक नव्हता.

मग प्लासिबोवरची एक तृतीयांश मुले सुधारली कशी? साखरेच्या पाण्यात जादू असते आणि मनाच्या शक्तीने मूल बरे होते, असा याचा अर्थ काही लोक लावतात. आम्हाला तो पटत नाही. पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाला आपण कोणत्या आशेने काय पितो आहोत याची कल्पना असणेच अवघड. कारणे अधिक साधी आहेत.

एक प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल. पहिल्या घटक चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली दहा मुले निवडा. त्यांच्यासाठी काहीही करू नका. दुसरी चाचणी घ्या. या दहांपैकी बऱ्याच जणांचे गुण वाढलेले दिसतील. कारण पहिल्या चाचणीत तळाला गेलेल्यांपैकी काही जण त्या दिवशी तापाने फणफणले होते, काहींनी नेमका तोच धडा वाचला नव्हता, काहींचे नशीब वाईट होते. पुढच्या वेळी ती आपोआप आपल्या नेहमीच्या जागी परत येतात. मधल्या काळात तुम्ही त्यांना रोज एक चमचा मध दिला असता, तर मधाचे गुणगान झाले असते. स्वमग्न मुलांच्या बाबतीतही असेच घडते. पालक मुलाला तपासणीसाठी नेतात तेच मुळी त्रास कळसाला पोचलेला असताना. त्यानंतरचा महिना बहुधा आधीच्यापेक्षा बरा जाणारच.

शिवाय मुले वाढत असतात. तीन महिने हा लहान वयात बराच मोठा काळ आहे. तपासणीत दर आठवड्या-पंधरवड्याला कोणी तज्ज्ञ आस्थेने विचारपूस करतो, त्यामुळे घरचे वातावरण थोडे सैलावते. आणि पालकांची नजर बदलते. आशेने पाहणाऱ्याला चांगला दिवस लक्षात राहतो आणि वाईट दिवसाचे काहीतरी कारण सापडते. हे खोटे बोलणे नव्हे. आपण सगळे असेच पाहतो.

सिक्रेटिनचा किस्सा येथे आठवतो. १९९८ साली पचनाशी संबंधित या संप्रेरकाचे इंजेक्शन दिल्यावर तीन स्वमग्न मुले सुधारल्याचे प्रसिद्ध झाले आणि पालकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी ६० मुलांवर नीट तपासणी झाली. सिक्रेटिन आणि प्लासिबो, दोन्ही गट सारखेच सुधारले. निकाल पालकांना सांगण्यात आला. तरीही त्यांपैकी ६९ टक्के पालक म्हणाले की आम्हाला हा उपचार हवाच आहे. या पालकांना हसू नये. ज्यांच्या हाती दुसरे काहीच दिलेले नाही, ते आकडे बघून हातातले सोडतील कशाला?

प्लासिबोने फायदा होतोच, मग औषधाने निदान तोटा तरी काय, असे कोणी विचारील. तोटा होता. सिटॅलोप्रॅम घेणाऱ्या मुलांत अंगात वारे शिरल्यासारखा उत्साह, अविचारी चटपट कृती, लक्ष न लागणे, झोप न येणे आणि जुलाब हे त्रास जास्त आढळले. सर्वांत बोलकी गोष्ट ही की एकाच हालचालीची पुनरावृत्तीसुद्धा औषधाच्या गटात जास्त मुलांत वाढली. ज्यासाठी औषध दिले, तेच. वर्गात हे कसे दिसेल याची कल्पना करा: कालपर्यंत जागेवर बसून झाकणे लावणारे मूल आज बाकावर चढते, दुसऱ्याची पेन्सिल हिसकावते, रात्रभर जागे असल्यामुळे दुपारी रडते. शिक्षक म्हणणार, 'याची स्वमग्नता वाढली.' घरचे डॉक्टरांना तेच सांगणार. आणि मात्रा वाढवली जाण्याची शक्यता निर्माण होणार.

याच जातीच्या औषधांसंबंधी आणखी एक इशारा आधीपासून होता. २००४ सालच्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यविरोधी औषधांच्या वेष्टनावर काळ्या चौकटीतली सूचना छापणे सक्तीचे केले. मुलांवरच्या २४ तपासण्यांतील ४,४०० हून अधिक मुलांची माहिती एकत्र केल्यावर आत्महत्येचे विचार किंवा तसे वागणे औषध घेणाऱ्यांत सुमारे ४ टक्के आणि प्लासिबो घेणाऱ्यांत २ टक्के आढळले होते. त्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती आणि या तपासण्या स्वमग्न मुलांवरच्या नव्हत्या, हे लक्षात ठेवावे. पण ज्या मुलाला मनातले शब्दांत सांगता येत नाही, त्याच्या मनात असे काही येत असेल तर ते कळायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

एवढे असूनही औषधे किती दिली जात होती? अमेरिकेत गरिबांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य योजनेतील ६०,६४१ स्वमग्न मुलांच्या २००१ सालच्या नोंदी डेव्हिड मँडेल आणि सहकाऱ्यांनी तपासल्या आणि २००८ साली प्रसिद्ध केल्या. ५६ टक्के मुलांना मनावर परिणाम करणारे काही ना काही औषध मिळाले होते. चौथ्या हिश्श्याला, म्हणजे २५ टक्के मुलांना, नैराश्यविरोधी औषध दिले गेले होते. किंग यांची तपासणी छापून येण्याच्या आठ वर्षे आधीचे हे आकडे आहेत. आधी वापर आणि मागाहून परीक्षा, असा हा उलटा क्रम आहे.

परीक्षेचे निकालही सगळे वेळेवर लागले नाहीत. २००९ सालच्या फेब्रुवारीत, म्हणजे किंग यांच्या निबंधाच्या जरासे आधी, न्यूरोफार्म या ब्रिटिश कंपनीने जाहीर केले की फ्लुओक्झेटिनची त्यांची मोठी तपासणी अपयशी ठरली. १५८ मुले, १४ आठवडे. औषध प्लासिबोपेक्षा सरस नाही. या तपासणीचा सविस्तर निबंध छापून यायला २०१९ साल उजाडले. दहा वर्षे! या दहा वर्षांत कोणी डॉक्टर फ्लुओक्झेटिनबद्दल वाचायला बसला असता, तर त्याला काय सापडले असते? २००५ सालची एक लहानशी तपासणी, जिच्यात आवर्ती वर्तनात थोडा फायदा दिसला होता. १५८ मुलांचा निकाल त्याला सापडला नसता. २०१२ साली कारास्को, फोल्कमार आणि ब्लॉक यांनी हेच गणित मांडून दाखवले: छापून आलेल्या तपासण्यांची बेरीज केली तर या औषधांचा किंचित फायदा दिसतो, न छापलेल्यांचा हिशेब धरला की तो फायदा नाहीसा होतो.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणातील खरा दोष येथे आहे. एखादे औषध चालले नाही, यात लाजिरवाणे काही नाही. बहुतेक कल्पना चालत नाहीत. पण १५८ मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी आपले साडेतीन महिने दिले, रक्त दिले, त्रास सोसला, ते 'कळावे' म्हणून. ते न कळवणे ही त्यांची फसवणूक होते. नापास मुलांच्या उत्तरपत्रिका कपाटात ठेवून शाळेचा निकाल शंभर टक्के लावणाऱ्या मुख्याध्यापकाला आपण काय म्हणू?

तपासण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ सालच्या अहवालात नऊ तपासण्या आणि ३२० व्यक्ती धरल्या आहेत. निष्कर्ष असा: मुलांमध्ये या औषधांचा परिणाम होत असल्याचा पुरावा नाही आणि अपाय होत असल्याचा पुरावा पुढे येऊ लागला आहे, प्रौढांमध्ये थोडा अनुकूल पुरावा आहे, पण तो लहान तपासण्यांतला. त्याच वर्षी ब्रिटनमधील नाइस या संस्थेने डॉक्टरांना स्पष्ट सांगितले की मुलांमधील स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी नैराश्यविरोधी औषधे वापरू नका.

प्रकरण येथे संपले असते तर लिहायला सोपे गेले असते. पण २०१९ साली ऑस्ट्रेलियातून आणखी एक तपासणी आली: साडेसात ते १८ वर्षांची १४६ मुले, फ्लुओक्झेटिन, १६ आठवडे. २० गुणांच्या मोजपट्टीवर औषधाच्या बाजूने सुमारे २ गुणांचा फरक दिसला. मात्र बरीच मुले मध्येच सोडून गेली होती. दोन्ही गटांमधले आधीचेच फरक वगैरे धरून, जसे करायचे म्हणून आधी ठरवले होते तसे गणित पुन्हा केल्यावर हा फरक भरवशाचा राहिला नाही. संशोधकांनी हे लपवले नाही, निबंधाच्या गोषवाऱ्यातच लिहिले. दोन गुणांच्या फरकाने मुलाच्या दिवसात काय बदलते, हा प्रश्न मात्र तेथेही अनुत्तरित आहे.

आमच्या टीकेची मर्यादाही सांगून टाकू. स्वमग्न मुलाला, विशेषतः पौगंडावस्थेत, स्वमग्नतेच्या जोडीने खरेखुरे नैराश्य किंवा तीव्र भीती असू शकते. तेव्हा डॉक्टरने विचारपूर्वक असे औषध देणे वेगळे. रिस्पेरिडोनसारखी औषधेही वेगळी. ती दुसऱ्या जातीची आहेत, तीव्र चिडचिड आणि स्वतःला इजा करणे यांवर त्यांचा उपयोग तपासून झाला आहे आणि त्यांचे दुष्परिणामही निराळे आहेत. आमचा आक्षेप आहे तो हात फडफडवणे थांबावे म्हणून दिलेल्या औषधाला. आणि हा लेख वाचून कोणी चालू औषध एकाएकी बंद करायला सांगू नये. ही औषधे अचानक तोडल्यास चक्कर, चिडचिड, निद्रानाश असे त्रास होतात. ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावी लागतात.

शाळेला करण्याजोगे एक काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. पालकांची संमती घेऊन मुलाच्या दिवसाची एक साधी वही ठेवावी. तीत 'सुधारणा', 'प्रगती' असले शब्द नकोत. मूल किती वेळ जागेवर बसले, किती वेळा कोणाशी आपणहून बोलले किंवा खूण केली, डबा खाल्ला का, दुपारी झोपले का, हात फडफडवणे वाढले तेव्हा आजूबाजूला काय चालले होते, एवढेच लिहावे. औषध सुरू होण्याच्या निदान तीन आठवडे आधीपासून लिहावे, म्हणजे चांगले-वाईट दिवस नेहमीच कसे येत-जात असतात हे कळेल. शेवटचा कोरा रकाना शाळेतल्या गोष्टींसाठी ठेवावा: बाक बदलला, परीक्षा आली, शेजारचा मित्र गावी गेला. पुष्कळदा मुलाच्या वागण्यातला बदल याच रकान्याशी जुळतो, बाटलीशी नाही.

दुष्परिणाम वेळीच ओळखायचे तर औषध केव्हा सुरू झाले, मात्रा केव्हा वाढली, हे शाळेत कोणाला तरी ठाऊक हवे. पण वही लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसलेलेच बरे. वर्गावर दोन शिक्षक असतील, तर एकाला तारीख सांगावी आणि वही दुसऱ्याकडे द्यावी.